फाइल काय आहे, हे कोणी ठरवायचं?

साशंक : काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करण्याचा तुमचा आग्रह मला समजतो, पण पटत नाही. माणसाला एक फाइल इथून तिथे न्यायची असते. ती त्याला समोर दिसते. तो ती माउसने उचलतो आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये सोडतो, नाहीतर व्हॉट्सॅपवर पाठवतो, नाहीतर ड्राइव्हवर चढवून लिंक देतो. काम झालं. तुम्ही त्याला सांगता की आधी आरसिंक शीक, एससीपी शीक, फोल्डरच्या नावापुढे स्लॅश दिला तर एक अर्थ आणि नाही दिला तर दुसरा, हे लक्षात ठेव. मॅकिंटॉश १९८४ साली आला. यंत्राने माणसाच्या सवयीकडे यायचं की माणसाने यंत्राच्या, हा वाद तेव्हाच मिटला असं मी धरून चालते. मग तो पुन्हा उकरून काढायचं कारण काय?

उत्साही : ‘काम झालं’ हे तुम्ही कशावरून म्हणता, एवढाच माझा प्रश्न आहे. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर मूळ फाइल जाते. पाठवणाऱ्या दहा जणांपैकी किती जणांना हा फरक माहीत असतो? आता मोठं काम घ्या. एखाद्या जुन्या वाचनालयाने आपले दुर्मिळ अंक स्कॅन केले आहेत, हजारो पानं आहेत, आणि ती एका डिस्कवरून दुसरीकडे न्यायची आहेत. फोल्डरच्या खिडकीतून ओढून सोडलं आणि मध्येच वीज गेली. परत आल्यावर खिडकी विचारते, ‘ही फाइल आधीच आहे, बदलू की सोडून देऊ?’ तुम्हाला काय माहीत! तिथे असलेली फाइल पूर्ण आहे की अर्धवट, हे त्या प्रश्नात कुठेच नाही.

आरसिंक नेमका याच जागी उभा आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी तो १९९६ साली ऑस्ट्रेलियात लिहिला. पलीकडे फाइलची जुनी प्रत असेल तर तिचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा एक लहानसा हिशेब अलीकडे पाठवला जातो. अलीकडचा संगणक नव्या फाइलमध्ये तेच तुकडे शोधतो, मग ते पुढेमागे सरकलेले असले तरी चालतात, आणि जे सापडत नाही तेवढंच पाठवतो. फाइल पोचली की आरसिंक पूर्ण फाइलचा हिशेब पुन्हा जुळवून बघतो. वीज गेली तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची. जे झालं ते झालं, उरलेलं पुढे सुरू. ज्या गावात लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही तिथे याचं मोल मोठं आहे.

साशंक : हिशेब जुळवतो म्हणालात, पण कोणत्या फाइलचा? जी पाठवली तिचा. कोणती पाठवायची हे ठरवताना तुमचा आरसिंकही फाइल उघडत नाही. आकार सारखा आणि बदलाची वेळ सारखी, की तो पुढे जातो. डिस्कवरची एखादी फाइल आतल्या आत खराब झाली असेल, आकार तोच आणि तारीख तीच, तर तो तिला हातही लावणार नाही. म्हणजे ज्या अज्ञानाचा ठपका तुम्ही खिडकीवर ठेवता, ते इथेही आहे. शिवाय खिडकीत चुकून काही पुसलं तर बहुतेक वेळा ते कचरापेटीत सापडतं. आरसिंकला डिलीट हा पर्याय दिला आणि मूळ जागा व नक्कल यांची अदलाबदल झाली, तर रिकाम्या फोल्डरची हुबेहूब नक्कल होते. विंडोजच्या रोबोकॉपीतला मिरर पर्याय तेच करतो. तिथे ‘नक्की ना?’ असं विचारणारं कोणी नाही.

उत्साही : कचरापेटीचा भरवसा तुम्ही वाजवीपेक्षा जास्त धरता. खिडकीत ‘बदला’ म्हटलं की जुनी फाइल पेटीत जात नाही, ती कायमची जाते. पण तुमचा मुख्य मुद्दा खरा आहे. आरसिंक मुळात आकार आणि वेळ बघतो. त्याला चेकसम पर्याय दिला तर प्रत्येक फाइल दोन्हीकडे वाचून पडताळतो, त्याला खूप वेळ लागतो. फरक एवढाच की तो कशाच्या आधारावर निर्णय घेतोय हे लिहून ठेवलेलं आहे आणि तो आधार मला बदलता येतो. डिलीटच्या आधी कोरडी फेरी घेता येते. काय जाईल, काय पुसलं जाईल याची यादी तो दाखवतो आणि कशालाही हात लावत नाही. ‘नक्की ना?’ या प्रश्नापेक्षा ती यादी मला जास्त आदराची वाटते. प्रश्नाला माणूस सवयीने ‘हो’ म्हणतो. यादी वाचावी लागते.

आणि हा वाद फक्त पाठवण्याचा नाहीच. फाइल पाठवणं आणि फाइल काय आहे हे ओळखणं, ही दोन कामं आज आपण वेगळी समजतो, पण ती जन्मापासून एकमेकांत गुंतलेली आहेत. फाइल पाठवण्याची जुनी रीत म्हणजे एफटीपी, तिचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मधला, आरएफसी ११४. तो लिहिणारे अभय भूषण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, तेव्हा एमआयटीत होते. पुढे रूढ झालेल्या एफटीपीत पाठवणाऱ्याला आधी सांगावं लागतं की ही फाइल मजकूर आहे की बायनरी. कारण ओळ कुठे संपली हे दाखवायची प्रत्येक यंत्राची रीत वेगळी. मजकूर म्हटलं तर वाटेत त्या खुणा बदलल्या जातात. काहीच सांगितलं नाही तर तो मजकूरच धरला जातो. छायाचित्र अशा रीतीने पाठवलं की पोचतं पूर्ण, उघडत मात्र नाही.

याचा धसका किती होता ते पीएनजी चित्रांत अजून दिसतं. पीएनजीच्या सुरुवातीला आठ बाइट ठरलेले आहेत. पहिला मुद्दाम १२७ च्या वरचा घेतला, म्हणजे सात बिटांच्या वाटेने फाइल गेली तर तो बिघडेल आणि लगेच कळेल. मग पी, एन, जी ही अक्षरं. मग डॉसच्या पद्धतीची ओळसमाप्ती, मग डॉसमध्ये मजकूर छापणं थांबवणारी खूण, आणि शेवटी युनिक्सच्या पद्धतीची ओळसमाप्ती. वाटेत कोणी ओळींच्या खुणांशी चाळा केला तर या आठांपैकी काहीतरी मोडतं. फाइल स्वतःची ओळख सांगते आणि प्रवासात तिला धक्का लागला का तेही त्याच आठ बाइटांत सांगते. नव्वदच्या दशकात ज्यांनी हे सुचवलं त्यांनी प्रवास किती खडतर असतो ते पाहिलेलं होतं.

साशंक : ही माहिती सुंदर आहे, पण ती माझ्या बाजूची साक्ष देते. ‘बायनरी’ हा एक शब्द टाइप करायला माणूस विसरला आणि त्याचे फोटो वाया गेले. मग निर्णय त्याच्या हातातून काढून घेतला, हे चांगलंच झालं. पुढे खिडकीतून चालणाऱ्या एफटीपी प्रोग्रामांनी फाइल बघून स्वतःच ठरवायला सुरुवात केली. जे यंत्राला कळू शकतं ते माणसाला विचारू नये, इतकं साधं तत्त्व आहे हे. तुमच्या आज्ञांचा इतिहास म्हणजे सामान्य माणसावर टाकलेल्या आणि नंतर हळूहळू काढून घेतलेल्या ओझ्यांचा इतिहास आहे.

उत्साही : फाइल बघून ठरवलं म्हणता, पण काय बघून? नावाचं शेपूट. शेवटी टीएक्सटी असेल तर मजकूर, जेपीजी असेल तर चित्र. निर्णय माणसाकडून काढला तो यंत्राच्या अकलेकडे गेला नाही, नावातल्या तीन अक्षरांकडे गेला. आणि मग विंडोज ९५ पासून ती तीन अक्षरंही ओळखीच्या फाइलींच्या बाबतीत मुळातच लपवलेली! मे २००० मध्ये फिलिपीन्समधून ‘आय लव्ह यू’ नावाची कीड निघाली आणि जगभर पसरली. ईमेलला जोडलेल्या फाइलच्या नावात टीएक्सटी होतं आणि त्याच्याही पुढे व्हीबीएस. लपवलेलं होतं ते व्हीबीएस. माणसाने प्रेमपत्र समजून दोनदा क्लिक केलं. विंडोजने व्हीबीएस कोणाच्या हवाली करायचं ते आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि ज्याच्या हवाली केलं त्याने ते वाचून न दाखवता चालवलं. त्या किडीने कुलूप तोडलं नाही. फाइलचा प्रकार आणि प्रोग्राम यांची जी जोडणी तुम्ही सोय म्हणून स्वीकारता, तिचाच तिने दरवाजा केला.

आज आपल्याकडे लग्नपत्रिकेच्या नावाखाली फोनवर एपीके फाइल येते. पत्रिका उघडायला जावं तर प्रोग्राम बसतो आणि बँकेचे निरोप भलत्याच माणसाकडे जाऊ लागतात. चाल तीच आहे. म्हणून मला ‘फाइल’ नावाची ती जुनी आज्ञा मोलाची वाटते. १९७३ पासून युनिक्समध्ये ती आहे. आज बहुतेक ठिकाणी चालते ती इयन डार्विन यांनी ऐंशीच्या दशकात नव्याने लिहिलेली. ती नावाकडे बघत नाही. फाइल उघडून आतले बाइट वाचते आणि सांगते की हे पीडीएफ आहे, हे झिप आहे, हा नुसता मजकूर आहे.

साशंक : आपल्या स्वयंपाकघरात बिस्किटांच्या डब्यात तूरडाळ असते आणि घरातल्या कोणालाही त्यात अडचण येत नाही. डबा उघडून बघा हा तुमचा सल्ला पाहुण्याला ठीक आहे. पण तुमची आज्ञा डबा उघडून डाळ बघते असं तुम्ही म्हणता, तेच मला मान्य नाही. ती आतली आणखी एक चिठ्ठी वाचते. झिपच्या सुरुवातीला पी आणि के असतं, ती फिल कॅट्झ या माणसाच्या नावाची आद्याक्षरं. वर्डची डीओसीएक्स फाइलसुद्धा आतून झिपच, आणि अँड्रॉइडची एपीके तीही झिप. पीडीएफची खूण पहिल्या १०२४ बाइटांत कुठेही असली तरी अ‍ॅक्रोबॅट वर्षानुवर्षं ती मान्य करत आलं. झिपची अनुक्रमणिका शेवटी असते. म्हणजे एकच फाइल पुढून पीडीएफ आणि मागून झिप असू शकते, आणि दोन प्रोग्राम तिच्याबद्दल दोन वेगळी उत्तरं देतील, दोन्ही खरी. मग फाइल काय आहे याचं उत्तर फाइलच्या आत आहे, हे म्हणणंच डळमळतं.

आणि आपल्या भाषेचं उदाहरण घ्या. श्रीलिपीच्या किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या काळात टाइप केलेली मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, स्मरणिका अजून कितीतरी मुद्रणालयांच्या डिस्कवर पडून आहेत. त्यातल्या एखाद्या मजकुराच्या फाइलवर तुमची आज्ञा चालवा. ती सांगेल, विस्तारित आस्की मजकूर. मराठी हा शब्द तिच्या उत्तरात येणार नाही, कारण ते बाइट मराठी अक्षरांचे नाहीतच, एका विशिष्ट फाँटमधल्या आकारांचे क्रमांक आहेत. तो फाँट कोणता, हे नावाच्या शेपटात नाही आणि बाइटांतही नाही. ते त्या मुद्रणालयात तीस वर्षं काढलेल्या अक्षरजुळणी करणाऱ्या माणसाला माहीत आहे. ओळख कधी कधी फाइलच्या बाहेर, माणसात असते.

(लेखक म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. या संवादातला मला सर्वांत खरा वाटणारा मुद्दा हाच आहे, आणि तो दोघांनाही अडचणीत टाकतो. खिडकीवाल्यांची सोय आणि आज्ञावाल्यांची तपासणी, दोन्ही असं गृहीत धरतात की फाइलपुरतं बघितलं की भागतं. जुन्या फाँटमधल्या मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या कोणालाही हे गृहीतक किती लवकर तुटतं ते माहीत आहे.)

उत्साही : हे मी मान्य करतो, आणि यातूनच माझं म्हणणं थोडं बदलून मांडतो. आज्ञेला सत्य कळतं असं नाही. पण ठरवण्याच्या पायऱ्या तिच्यामुळे उघड्या पडतात. विंडोजच्या आज्ञापटलावर असॉक लिहून व्हीबीएसबद्दल विचारलं की त्या शेपटाला कोणता प्रकार जोडलाय ते कळतं, आणि एफटाइप लिहिलं की त्या प्रकाराची फाइल कोणता प्रोग्राम उघडतो ते कळतं. दोन ओळींत दोन पायऱ्या. त्या किडीनंतर कितीतरी यंत्रव्यवस्थापकांनी एवढंच केलं की व्हीबीएस नोटपॅडकडे वळवलं. प्रेमपत्र चालेनासं झालं, नुसतं दिसू लागलं. लिनक्सवर एक्सडीजी-माइम हेच काम करते, आणि तिने ठरवलेलं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलं जातं. ती कोणीही उघडून वाचावी.

साशंक : आणि विंडोजवर आज? विंडोज ८ पासून वापरणाऱ्याने खिडकीतून निवडलेला प्रोग्राम एका हॅशने, म्हणजे हिशेबाने काढलेल्या आकड्याने, कुलूपबंद होतो. त्यामुळे असॉक एक सांगतं आणि दोनदा क्लिक केल्यावर दुसरंच घडतं. तुमची उघडी पायरी तिथे खोटं बोलते. तरी मी त्या कुलपाला नावं ठेवणार नाही. प्रत्येक नवा प्रोग्राम बसताना न विचारता सगळ्या चित्रांवर, सगळ्या गाण्यांवर हक्क सांगायचा, आणि त्यासाठी पडद्यामागे अशाच आज्ञा वापरायचा. आज्ञेला कोण बोलतंय हे कळत नाही, मालक की घुसखोर. म्हणून निवड हाताने, खिडकीतूनच करावी लागते. गेल्या काही वर्षांत तर नवाच प्रकार निघालाय. खोटं पान सांगतं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करायला अमुक दोन कळा दाबा, चिकटवा, एंटर मारा. चिकटवली जाते ती एक आज्ञा. समजून न घेता टाइप केलेली आज्ञा आणि समजून न घेता केलेलं क्लिक यांत आज्ञा जास्त घातक, कारण तिच्या हातात जास्त सत्ता आहे.

उत्साही : घुसखोराचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण त्यावरचा उपाय मालकालाही बाहेर ठेवतो, हे तुम्ही मान्य करा. शंभर संगणकांची शाळा चालवणाऱ्या माणसाने शंभर खिडक्यांत जाऊन क्लिक करायचं का? आणि दुसरी गोष्ट, आज्ञा लिहून ठेवता येते. खिडकीतली बटणं दर आवृत्तीत जागा बदलतात. मागच्या वर्षी कागदावर लिहून दिलेलं ‘उजवीकडे वर तीन ठिपके’ या वर्षी तिथे नसतं. एससीपीची आज्ञा मात्र तीच राहिली. २०२२ साली ओपनएसएसएचने तिच्या पोटातली जुनी, सदोष पद्धत बाजूला सारून तिथे एसएफटीपी बसवलं, तरी वापरणाऱ्याने टाइप करायची ओळ जवळपास तशीच राहिली.

सामान्य माणसाचं म्हणाल तर आता कायद्यानेच त्याला इथवर आणलंय. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्य भरावं लागतं. रेकॉर्ड केलेलं बोलणं किंवा धमकीचं छायाचित्र न्यायालयात द्यायचं आहे, तर ही फाइल तीच आहे आणि वाटेत बदललेली नाही, हे त्या आकड्याने दाखवायचं. विंडोजवर सर्टयुटिलची एक ओळ, लिनक्सवर एसएचए२५६समची एक ओळ. पाठवण्याआधी काढा, पोचल्यावर काढा, जुळवा.

साशंक : ती ओळ कोण टाइप करेल? तालुक्याच्या न्यायालयाबाहेरचा झेरॉक्सवाला, आणि त्याचे पैसे घेईल. जिचा पुरावा आहे त्या बाईच्या हातात चौसष्ट चिन्हांची एक रांग येईल. ती तिला वाचता येणार नाही, पडताळता येणार नाही. कारण आज्ञा इंग्रजीत, उत्तर इंग्रजीत, चूक झाली तर रागावणंही इंग्रजीत. तुम्ही ज्याला उघडं म्हणता ते कोणाला उघडं आहे? पूर्वी दस्त मोडीत असत आणि ते वाचणारे मोजके. सगळं कागदावर होतं, लपवलेलं काहीच नव्हतं, तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने ते बंदच होतं.

शिवाय यंत्राला आपली लिपीही परवडत नाही. लिनक्सच्या एक्सट४ मध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे ८५ चिन्हं. विंडोजवर सुखाने राहिलेलं ‘अमुक तालुक्यातील अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांची’ असं पुढे लांबत जाणारं नाव तिथे पोचतच नाही.

उत्साही : नेमकं याच नावात एक गाठ आहे, आणि ती कोणत्याही खिडकीत दिसत नाही. ‘शेतकऱ्यांची’ यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकसंध एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत नाव साठवताना त्याची फोड करायची. विंडोज आणि लिनक्स जसं मिळालं तसं ठेवतात. २०१७ मध्ये मॅक नव्या पद्धतीकडे गेले, पण जुन्या डिस्क आहेत तशाच आहेत. आता एका डिस्कवर एकसंध ऱ आणि दुसरीवर फोडलेला. डोळ्याला नाव एकच. आरसिंकला ती दोन वेगळी नावं. कोरडी फेरी घेतली तर यादीत एका ओळीत ‘शेतकऱ्यांची यादी’ पुसली जाणार असं येईल आणि दुसऱ्या ओळीत ‘शेतकऱ्यांची यादी’ नव्याने पाठवली जाणार असं. आज्ञेने निदान ते दाखवलं. खिडकीतून ओढलं असतं तर एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी बसल्या असत्या आणि कुठली ताजी हे कोणालाच कळलं नसतं.

साशंक : थांबा. मघाशी तुम्ही म्हणालात की यादी वाचावी लागते, म्हणून ती प्रश्नापेक्षा आदराची. ही यादी ज्याच्या फाइली आहेत त्या माणसाने वाचली. दोन ओळी, एकच नाव, एक पुसणार, एक पाठवणार. त्याने काय ठरवायचं?

उत्साही : त्याने मला विचारायचं. मी बाइट बघून सांगेन की हे एकाच नावाचे दोन वेश आहेत, आणि आत खरंच एकच मजकूर आहे का ते हॅश काढून सांगेन. आरसिंकला ही दोन रूपं एकच धरायला सांगणारा पर्यायही आहे.

साशंक : म्हणजे शेवटी त्याचा विश्वास तुमच्यावर. खिडकीवर विश्वास ठेवला तर तो भोळा, तुमच्यावर ठेवला तर जाणता?

उत्साही : नाही, पण फरक आहे. मी दिलेली आज्ञा तिथे लिहिलेली राहते. उद्या तो ती दुसऱ्या कोणाला दाखवू शकतो, आणि तो दुसरा म्हणू शकतो की मी चुकलो. खिडकीतल्या क्लिकबद्दल असं कोणाला दाखवणार?

साशंक : त्या दुसऱ्यापर्यंत तो पोचू शकला तर. तुमच्या गावात असा दुसरा आहे का?

उत्साही : आमच्या तालुक्यात आहे एक. बाकी ठिकाणचं मला सांगता येणार नाही.

साशंक : मग माझी अट ऐका. त्या वाचनालयात तुम्ही आरसिंक लावा, रोज रात्री चालू द्या. पण डिलीटचा पर्याय त्यात नको. काय पुसायचं ते ग्रंथपाल ठरवतील, कितीही वेळ लागला तरी.

उत्साही : तसं केलं तर नक्कल फुगत जाईल. प्रत्येक चुकीचं नाव, प्रत्येक फोडलेला ऱ, सगळं त्यात कायमचं साठत राहील. पाच वर्षांनी मूळ कुठलं आणि गाळ कुठला हे ग्रंथपालांनाही ओळखता येणार नाही.

साशंक : आणि डिलीट ठेवलं तर ते पाच वर्षांनी ओळखायला काही उरलेलं असेल याची हमी तुम्ही देता?

उत्साही : हमी नाही देत. रोजच्या यादीची एक प्रत ठेवतो म्हणतो. आणि त्या यादीच्या शेजारी मराठीत कारण लिहून ठेवतो.

साशंक : ठेवा. पण ते कारण आधी ग्रंथपालांना वाचायला द्या. त्यांना कळलं नाही तर त्या दिवशी काही पुसू नका.